जुन्या विंडोजवर एलटीस्पाइस अपडेट केल्यावर येणारे घोळ: एरर वाचा, मग उपाय ठरवा

कॉलेजं सुरू झाली की लॅबमधून एलटीस्पाइसबद्दल, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून पाहण्याच्या प्रोग्रामबद्दल, एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागते. "नवीन एलटीस्पाइस टाकलं, पण उघडतच नाही." "उघडतं, पण जुनी सर्किटं चालत नाहीत." "चालतात, पण आउटपुट भलतंच येतंय." तिन्हींना आपण सरसकट 'कम्पॅटिबिलिटीचा प्रॉब्लेम' म्हणतो आणि एकच उपाय करतो: अनइन्स्टॉल करा, पुन्हा इन्स्टॉल करा. त्यानं काही होत नाही, कारण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भानगड विंडोजची असते, दुसरी लायब्ररी (पार्टांच्या मॉडेलांचा साठा) कुठं ठेवली जाते त्याची आणि तिसरी फाइलमधल्या अक्षरांची. पहिलीला बऱ्याचदा उपायच नसतो, दुसरी बसल्याबसल्या सुटते. तिसरी मात्र डोकं उठवते, कारण ती एरर न देताच चुकीचं उत्तर हातात ठेवते.

खालचं सगळं एलटीस्पाइसबद्दल आहे, कारण फुकट असल्यामुळे पॉलिटेक्निकपासून पॉवर सप्लाय बनवणाऱ्या छोट्या शेडपर्यंत तेच दिसतं.

आधी कुठली आवृत्ती कुठल्या विंडोजवर, ते बघू. एलटीस्पाइस ४ एक्सपीवर चालतं. २०१६ मध्ये आलेलं एलटीस्पाइस १७ विंडोज ७, ८ आणि १० साठी होतं आणि त्याच्या एकाच इन्स्टॉलरमधून ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन्ही एक्झी फाइली मिळायच्या. पुढच्या १७.१ चा इन्स्टॉलर एमएसआय (विंडोजचं इन्स्टॉल पॅकेज) स्वरूपात आला आणि तो ६४-बिटच. त्यानंतरच्या २४ ला ६४-बिट विंडोज १० किंवा ११ लागतं. म्हणजे एक्सपीवर ४ आणि विंडोज ७ वर १७, तिथं गाडी थांबते. यापुढं रेटायचा प्रयत्न करण्याआधी स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करून समोरचं विंडोज नक्की कोणतं, सर्व्हिस पॅक आहे की नाही हे पाहा. ३२-बिट की ६४-बिट हे कंट्रोल पॅनेलच्या सिस्टममध्ये दिसतं.

इन्स्टॉलच होत नाही किंवा उघडतच नाही

इथं एररचं वाक्य शब्दशः वाचणं महत्त्वाचं. लोक फोनवर सांगतात, "काहीतरी डीएलएल म्हणतंय." डीएलएल म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाइल, आणि त्या 'काहीतरी'तच उत्तर असतं.

"धिस इन्स्टॉलेशन पॅकेज इज नॉट सपोर्टेड बाय धिस प्रोसेसर टाइप" असं आलं की पुष्कळांना वाटतं, प्रोसेसर जुना झाला. प्रोसेसरचा काही दोष नाही. तुमचं विंडोज ३२-बिट आहे आणि एमएसआय ६४-बिट, एवढाच त्याचा अर्थ. कोअर टू ड्युओची मशिनं अजून अनेक लॅबमध्ये आहेत. ती सगळी ६४-बिट चालवू शकतात, पण पूर्वी दोन जीबी रॅम असायची म्हणून व्हेंडरनं ३२-बिट विंडोज टाकून दिलेलं असतं. विंडोज ७ मध्ये परफॉर्मन्स इन्फर्मेशनच्या तपशिलात '६४-बिट केपेबल' अशी ओळच आहे. तिथं 'येस' असेल तर मशीन बदलायची गरज नाही, विंडोज बदलून भागेल.

"नॉट अ व्हॅलिड विन३२ अ‍ॅप्लिकेशन" हे बहुधा एक्सपीवर दिसतं. प्रत्येक एक्झीच्या सुरुवातीला, ती विंडोजच्या किमान कुठल्या आवृत्तीसाठी आहे याचा आकडा लिहिलेला असतो. एक्सपीचा आकडा ५.१. नव्या कम्पायलरमधून बाहेर पडलेल्या फाइलवर ६ किंवा त्याहून मोठा आकडा असला की एक्सपी ती फाइल दारातूनच परत पाठवतो. डाउनलोड अर्धवट झालं असेल तरी हाच मेसेज येतो, म्हणून एकदा फाइलचा साइज ताडून पाहा. तो बरोबर असेल तर विषय संपला. हेक्स एडिटरनं तो आकडा बदलायचे सल्ले फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. आकडा बदलला तरी आतली फंक्शनं एक्सपीमध्ये येणार कुठून?

विंडोज ७ वर 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशा लांबलचक नावाची डीएलएल सापडत नाही असा मेसेज आला तर मात्र खूश व्हा, हा सुटणारा आहे. युनिव्हर्सल सी रनटाइम नसल्यामुळे तो येतो. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ असेल तर मायक्रोसॉफ्टचं केबी२९९९२२६ हे अपडेट टाकलं की भागतं. ती एकटी डीएलएल कुठल्यातरी 'फ्री डीएलएल' साइटवरून उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकू नका. लॅबच्या मशिनींत व्हायरस शिरायचा तो राजमार्ग आहे, आणि काम तरीही होत नाहीच, कारण एका डीएलएलमागं तिच्या आणखी बहिणी रांगेत उभ्या असतात.

इन्स्टॉलरची डिजिटल सही पटत नाही अशी तक्रार विंडोज ७ करत असेल, तर शा-२ सह्या ओळखण्याचं अपडेट बाकी आहे. आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९, या क्रमानं टाका.

आणि 'गेटसिस्टमटाइमप्रिसाइजअ‍ॅझफाइलटाइम' हा प्रोसीजर एन्ट्री पॉइंट कर्नेल३२ मध्ये सापडला नाही असं आलं, तर हात टेका. हे फंक्शन विंडोज ८ पासून आलं. विंडोज ७ मध्ये ते नाही आणि कुठल्याही अपडेटनं येत नाही. १७ वर परत जा.

'कम्पॅटिबिलिटी मोड'बद्दल एक गोष्ट. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं एक्सपी किंवा विंडोज ७ निवडा, हा उपाय सगळे आधी करतात. तो जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालवण्यासाठी आहे. आपला प्रश्न नेमका उलटा आहे: नवा प्रोग्राम, जुनं विंडोज. विंडोजनं आवृत्ती खोटी सांगितली तरी जे फंक्शन नाहीच ते पैदा होत नाही. इथं वेळ घालवू नका.

जुन्या आवृत्तीतलं 'सिंक रिलीज' हे नेटवरून अपडेट आणणारं बटण तर विसराच. एक्सपीला टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) येत नाही, त्यामुळे आजचे बहुतेक सर्व्हर त्याच्याशी बोलतच नाहीत. नेट चालू आहे, गूगल दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडतंय, मग हेच का नाही, असा प्रश्न पडतो. प्रत्येक ब्राउझर आपली सुरक्षेची यंत्रणा सोबत आणू शकतो, एलटीस्पाइस विंडोजची वापरतं. फरक तिथं आहे.

उघडतं, पण मॉडेल सापडत नाही

माझ्या मते नव्या आवृत्तीच्या नावानं होणाऱ्या शिव्याशापांतला मोठा वाटा या एकाच गोष्टीचा आहे. एलटीस्पाइसनं आपल्या लायब्ररीचं बिऱ्हाड दर मोठ्या आवृत्तीगणिक हलवलंय.

४ च्या काळात लायब्ररी प्रोग्राम फाइल्समधल्या 'एलटीसी' फोल्डरात, प्रोग्रामच्या शेजारीच असायची. १७ मध्ये ती यूझरच्या डॉक्युमेंट्समध्ये गेली. १७.१ पासून ती यूझरच्या लोकल अ‍ॅपडेटामध्ये आहे, आणि हे फोल्डर विंडोज मुळात लपवूनच ठेवतं. शिवाय २०१७ मध्ये लिनियर टेक्नॉलॉजी कंपनी अ‍ॅनलॉग डिव्हायसेसकडे गेल्यानं प्रोग्राम फाइल्समधलं 'एलटीसी' जाऊन 'एडीआय' आलं. सेटिंगची फाइलसुद्धा फिरत राहिली: ४ ची थेट विंडोजच्या फोल्डरात, नंतरची यूझरच्या अ‍ॅपडेटात. त्यामुळे जुन्या सेटिंग्ज नव्यात आपोआप येतील या भरवशावर राहू नका.

आता तुम्ही पूर्वी स्टँडर्ड डायोडच्या फाइलमध्ये स्वतःचा १एन५४०८ किंवा बाजारात मिळणारा एखादा लोकल झेनर लिहून ठेवला असेल, तर तो जुन्या घरातच राहिला. नवी आवृत्ती तिकडं बघतच नाही. "कान्ट फाइंड डेफिनिशन ऑफ मॉडेल" असा मेसेज येतो तो यामुळे.

एक्सपीवरून विंडोज ७ वर आलेल्यांसाठी यात आणखी एक खोच आहे. एलटीस्पाइस ४ प्रोग्राम फाइल्सच्या आत लिहू पाहायचं. एक्सपीवर अ‍ॅडमिन म्हणून बसलेल्याला कोण अडवणार? व्हिस्टापासून विंडोजनं ते बंद केलं. पण जुने ३२-बिट प्रोग्राम कोलमडू नयेत म्हणून गुपचूप एक सोय केली: प्रोग्रामनं तिथं लिहिलेली फाइल प्रत्यक्षात यूझरच्या लोकल अ‍ॅपडेटामधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात जाते. एलटीस्पाइसला वाटतं, आपण मूळ फाइल बदलली. तुम्ही एक्सप्लोररनं तीच फाइल उघडता तेव्हा बदल दिसत नाही. दुसऱ्या यूझरनं लॉगिन केलं तर त्यालाही दिसत नाही. एकाच मशीनवर सकाळच्या बॅचला मॉडेल सापडतं आणि दुपारच्या बॅचला सापडत नाही, या कोड्याचं उत्तर हे. विंडोज ७ मध्ये प्रोग्राम फाइल्समधलं मूळ फोल्डर उघडल्यावर वरच्या पट्टीत 'कम्पॅटिबिलिटी फाइल्स' असं बटण येतं. ते दाबलं की हरवलेली फाइल समोर. अपडेट करण्याआधी प्रत्येक यूझरच्या लॉगिनमध्ये हे बटण दिसतं का ते पाहा आणि त्या फाइली बाहेर काढून ठेवा. ही सोय ६४-बिट प्रोग्रामला मिळत नाही, तिथं सरळ नकार येतो.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे आपोआप बनवलेले सिंबॉल. एखाद्या ऑपअँपची सबसर्किट फाइल उघडून, त्या नावावर राइट क्लिक करून 'क्रिएट सिंबॉल' केलं की एलटीस्पाइस चौकोनी सिंबॉल बनवून 'ऑटोजनरेटेड' फोल्डरात ठेवतं. हा सिंबॉल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. खाली 'मॉडेलफाइल' असा शब्द असलेली ओळ असते आणि तिच्यापुढं सबसर्किट फाइलचा सी ड्राइव्हपासूनचा संपूर्ण पत्ता. तो पत्ता जुन्या फोल्डराचा. सिंबॉल नव्या आवृत्तीत कॉपी केलात, सर्किटमध्ये तो दिसलाही, पण रन दाबलं की "कुड नॉट ओपन लायब्ररी फाइल". या ओळीतला पत्ता काढून फक्त फाइलचं नाव ठेवा आणि ती फाइल सर्किटच्याच फोल्डरात आणून टाका. सर्किटमधल्या 'डॉट लिब' आणि 'डॉट इन्क्लूड' ओळींनाही हाच नियम. पत्ता लिहायचा नाही, नुसतं नाव लिहायचं. एलटीस्पाइस सर्किटच्या फोल्डरातही शोधतं.

कायमचा उपाय हवा असेल तर एलटीस्पाइसच्या स्वतःच्या लायब्ररीला हात लावणं बंद करा. नव्या आवृत्त्यांमध्ये अपडेटच्या वेळी ती पुन्हा लिहिली जाऊ शकते, मग तुमचं सगळं पुसलं जातं. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, त्यात एक सिंबॉलचं आणि एक मॉडेलचं अशी दोन, आणि त्यांचे पत्ते सेटिंगमधल्या 'सर्च पाथ्स' टॅबमध्ये द्या. १७ मध्ये हाच टॅब कंट्रोल पॅनेल नावाच्या खिडकीत आहे. मग आवृत्ती कुठलीही येवो, तुमची लायब्ररी जागची हलत नाही. लॅबमध्ये बहुतेक मशिनींना असाच डी ड्राइव्ह असतो, त्यामुळे फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून चालतं. पत्ता मात्र प्रत्येक लॉगिनमध्ये एकदा द्यावा लागतो.

चालतं, पण उत्तर चुकतं

आता ती तिसरी गोष्ट. मायक्रोचं चिन्ह, म्हणजे ग्रीक म्यू.

जुन्या पद्धतीत हे चिन्ह फाइलमध्ये एका बाइटनं लिहिलं जायचं. यूटीएफ-८ या आजच्या, युनिकोड पद्धतीत त्याला दोन बाइट लागतात. यूटीएफ-८ मधली फाइल जुन्या आवृत्तीत उघडली की म्यूच्या आधी डोक्यावर टोपी घातलेला रोमन ए दिसू लागतो. उलट, जुनी फाइल यूटीएफ-८ समजून वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की म्यूच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. ईमेलमधून, गिटमधून, नोटपॅड प्लसप्लसमधून फिरून आलेल्या फाइलींत हे हमखास होतं.

नुसतं दिसण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण स्पाइसचा फार जुना नियम असा की आकड्यानंतर येणारं, न कळणारं अक्षर सोडून द्यायचं. त्यामुळेच आपण १० व्होल्ट लिहिताना 'व्ही' लावला तरी चालतो. म्हणजे म्यू ओळखला गेला नाही तर १० मायक्रोफॅरड हे १० फॅरड म्हणून वाचले जाऊ शकतात. प्रोग्राम तक्रार करत नाही. फिल्टरचा कपॅसिटर दहा लाख पट मोठा झालेला असतो, रिपल अगदी शून्य दिसतो आणि विद्यार्थी खूश होऊन ग्राफ जर्नलला लावतो.

उपाय सोपा आहे: म्यू न वापरता रोमन 'यू' लिहा. हाताने लिहायची सवय नसेल तर सेटिंगमध्ये म्यूचा यू करण्याचा पर्याय आहे, ४ मध्येसुद्धा नेटलिस्टच्या टॅबमध्ये तो आहे. जुन्या फाइलींचा ढीग असेल तर अपडेट करण्याआधी जुन्याच मशीनवर टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सगळीकडे एकदम बदलून घ्या. नंतर केलंत तर आधी एन्कोडिंग ओळखत बसावं लागतं.

अपडेटनंतर सगळं जागेवर आहे का हे बघायला मी मोठं सर्किट घेत नाही. एक किलो-ओहम, एक मायक्रोफॅरड, शून्यावरून पाच व्होल्टवर जाणारा पल्स, राइज टाइम एक नॅनोसेकंद, पाच मिलिसेकंदांचं ट्रान्झियंट. ही फाइल जुन्या आवृत्तीत, म्यू घालून बनवलेली हवी. कर्सर एक मिलिसेकंदावर ठेवला की कपॅसिटरवर ३.१६ व्होल्ट दिसले पाहिजेत. रेषा तळाला चिकटून राहिली तर म्यू हरवलाय. त्यातच एक तुमच्या स्वतःच्या लायब्ररीतला डायोड टाकून ठेवा, म्हणजे पत्ता बरोबर आहे की नाही तेही त्याच रनमध्ये कळतं.

अक्षरांचाच आणखी एक प्रकार खास आपल्याकडचा. मराठीत नाव असलेलं फोल्डर. विंडोजमध्ये देवनागरीसाठी सिस्टमला निवडता येईल असं जुन्या पद्धतीचं, युनिकोडपूर्व कोड पेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) कधी नव्हतंच. पहिल्यापासून फक्त युनिकोड. एलटीस्पाइस ४ युनिकोडवालं नाही. त्यामुळे 'प्रयोग ५' नावाच्या फोल्डरातलं सर्किट त्याला नुसतं प्रश्नचिन्हांची माळ म्हणून दिसतं आणि फाइल उघडत नाही. १७ मध्ये युनिकोड आलं आणि हा त्रास कमी झाला. पण एकाच लॅबमध्ये काही मशिनींवर ४ आणि काहींवर १७ असेल तर फोल्डरांची नावं रोमनमध्येच ठेवा, विंडोजच्या यूझरचं नावसुद्धा. मराठीचा अभिमान सर्किटवरच्या शीर्षकात दाखवता येतो. तोही १७ असेल तरच.

याच युनिकोडमुळे १७ च्या रॉ फाइलचा, म्हणजे रनचे निकाल साठवणाऱ्या फाइलचा, वरचा भाग यूटीएफ-१६ मध्ये आला. पायथन किंवा मॅटलॅबमध्ये रॉ वाचणारी जुनी स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडली, तर प्रत्येक अक्षरानंतर शून्य बाइट येतोय का ते पाहा. येत असेल तर स्क्रिप्टमधलं एन्कोडिंग बदला, बाकी काही बिघडलेलं नाही.

कन्व्हर्जन्सच्या, म्हणजे गणित उत्तरापर्यंत न पोहोचण्याच्या, तक्रारींबद्दल थोडक्यात: सॉल्व्हर, इंटिग्रेशनची पद्धत, जीमिन वगैरे जे काही तुम्ही सेटिंगच्या खिडकीत बदललं होतं, ते नव्या आवृत्तीत मूळ स्थितीवर गेलेलं असतं. महत्त्वाचं असेल ते सर्किटवरच 'डॉट ऑप्शन्स'च्या ओळीत लिहा. ती ओळ फाइलबरोबर प्रवास करते.

अपडेट खरंच हवंय का?

बहुतेकांना नवी आवृत्ती हवी असते ती एखाद्या नव्या मॉसफेटसाठी. साध्या मॉसफेटचं, डायोडचं मॉडेल म्हणजे मजकुराची एक ओळ. नव्या आवृत्तीच्या स्टँडर्ड मॉसफेट फाइलमधून ती ओळ उचला आणि जुन्या आवृत्तीत सर्किटवरच स्पाइस डायरेक्टिव्ह म्हणून चिकटवा. बऱ्याचदा काम होतं. कंट्रोलर आयसींचं मात्र तसं नाही. त्यांची मॉडेलं एन्क्रिप्ट केलेली असतात आणि नव्या आवृत्तीतल्या सोयींवर बेतलेली असू शकतात, ती जुन्यात गळी उतरवायच्या भानगडीत पडू नका.

मशीन जुनं ठेवण्यामागं कधीकधी ठोस कारण असतं. पॅरलल पोर्टवरचा ईप्रॉम प्रोग्रामर, एखादं पीसीआय कार्ड, ज्याचा ड्रायव्हर एक्सपीनंतर कुणी लिहिलाच नाही. अशा मशीनवर ४ किंवा १७ सुखानं नांदू द्या आणि ते नेटपासून तोडा, कारण एक्सपीला २०१४ च्या एप्रिलपासून आणि विंडोज ७ ला २०२० च्या जानेवारीपासून नेहमीची सुरक्षा अपडेटं नाहीत. बाकीच्या जुन्या मशिनींसाठी लिनक्स टाकून वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारी सोय) एलटीस्पाइस चालवणं हा मला आवडणारा मार्ग. वाइनवर चालवण्याबद्दल ४ च्या हेल्पमध्येच लिहिलेलं आहे, आणि १७ ही तिथं व्यवस्थित चालतं. एनजीस्पाइस हा दुसरा, मुक्त सर्किट-प्रोग्राम शिकायची तयारी असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, त्यात कायकॅड (सर्किट काढण्याचा प्रोग्राम) आणि एनजीस्पाइस एकत्र बांधलेलं मिळतं. तिथंही सावध राहा: कायकॅड ६ मध्ये स्केमॅटिकचं फाइल फॉरमॅट बदललं, नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडत नाही.

आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, म्हणून कुणाला विचारायची वेळ आली, तर "एरर येतेय" एवढंच लिहू नका. विनव्हरमधली विंडोजची आवृत्ती, हेल्पमधल्या अबाउटमध्ये दिसणारा एलटीस्पाइसचा पूर्ण नंबर, एररच्या खिडकीचा स्क्रीनशॉट (मोबाइलनं काढलेला फोटो चालेल, पण सरळ काढा), आणि सर्किटची फाइल तिच्या सगळ्या लिब आणि सिंबॉलसकट एका झिपमध्ये. झिप दुसऱ्या मशीनवर स्वतः उघडून चालवून बघा आणि मगच पाठवा. निम्म्या वेळा कुठली फाइल राहिली ते तिथंच दिसतं.